चीक थांबल्यावर

वडाचं मूळ कापलं की आधी चीक येतो. पांढरा, दाट, बोटांना चिकटून काळा पडणारा. करवतीचं पातं मुळातून पुरतं बाहेर येण्याआधीच कापाच्या कडेने त्याचे ठिपके फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि मातीवर ओघळतात. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं. कालवावंच. हा चीक पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याने बोन्सायच्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्याला झाडाचं रक्त समजून घाबरूही नये. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या, पानांत तयार झालेली साखर खाली उतरवणाऱ्या वेगळ्या, आणि चिकाच्या नळ्या या दोन्हींहून निराळ्या. साल कुरतडणाऱ्या किडीचं तोंड बांधायचं, उघड्या जखमेवर पापुद्रा धरायचा, यासाठी झाडाने तो बाळगलेला असतो. पाण्याचा बारीक फवारा मारला की तो धुऊन जातो आणि थोड्या वेळाने नवा येईनासा होतो. कापणं तिथे संपतं. कापायला तासभर पुरतो. त्या तासात झाडावर जे ओढवलं ते भरून काढायला त्याला महिने लागतात. ते महिने कसे जातील हे आपण काय करतो यावर थोडं आणि काय करायचं टाळतो यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही सगळी एकाच घराण्यातली झाडं. त्यांची मुळं छाटायला मला सगळ्यांत योग्य वाटतो तो रोहिण्या सरत येतात तेव्हाचा काळ. 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, जूनच्या 7-8 तारखेला मृग. या पंधरवड्यात कोकणात हवा घामट झालेली असते, देशावर दुपारचे ढग चढू लागतात, वळवाची एखादी सर येऊन गेलेली असते. माती आतून उबदार असते आणि पुढे ओले, ढगाळ आठवडे येणार असतात. उष्ण प्रदेशातल्या झाडाला नवी मुळं फोडायला ऊब लागते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात कापलेला वड कदाचित मरणार नाही, पण नुसता बसून राहील, आणि बसून राहिलेल्या मुळाला ओल कुजवते. जपानातल्या पाइनचं वेळापत्रक वेगळं. तिथे हिवाळा संपता संपता, डोळे फुगलेले पण उघडलेले नाहीत अशा वेळी मुळांना हात लावतात, कारण थंडीभर सांभाळलेला साठा अजून पालवीवर खर्च झालेला नसतो. त्या देशाच्या पुस्तकातला मार्च पाहून आपण मार्चमध्ये वड कापला, तर एप्रिल-मेचं कोरडं ऊन त्याच्या वाट्याला येतं. ऋतू ज्या मातीतला, झाडही त्याच मातीतलं धरावं.

याच ज्येष्ठात वटपौर्णिमा येते. शहरांत त्या दिवसासाठी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकायला येतात, घरोघरी पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. हे मला कधीच सहन झालेलं नाही. मी ट्रेमधल्या वडालाच सूत गुंडाळते. ज्या वर्षी त्याची मुळं छाटलेली असतात त्या वर्षी मात्र सूतही नाही, प्रदक्षिणाही नाही. लांबूनच हळदकुंकू.

मुळं कापायचीच कशाला, हा प्रश्न अनेक जण विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात झाडाविषयीची कणव असते, म्हणून तो मला आवडतो. जमिनीतला वड मुळं पसरत नव्या मातीत जात राहतो. ट्रेमध्ये नवी माती येत नाही. मूळ कडेला जाऊन भिडतं, वळतं, कडेकडेने फिरू लागतं, आणि काही पावसाळ्यांत माती थोडी नि मुळंच फार असा घट्ट गड्डा होतो. पाणी वरच्यावर ओघळून जातं, गाभा कोरडाच राहतो, हवा शिरायला जागा उरत नाही. पाणी शोषण्याचं काम मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागावरचे बारीक केस करतात. त्यातला एकेक केस म्हणजे एकच पेशी, आणि तिचं आयुष्य थोड्या दिवसांचं. जाड मूळ झाडाला धरून ठेवतं, अन्न साठवतं, पण पिण्याच्या कामी त्याचा उपयोग फारसा नाही. ट्रे जाड मुळांनी भरला की झाडाला प्यायला तोंडच उरत नाही. जाड मूळ मागे घेतलं की त्याच्या कापापाशी बारीक मुळांचा झुबका फुटतो. म्हणून वेळच्या वेळी छाटलेलं झाड टिकतं आणि कधीच न छाटलेलं आतल्या आत गुदमरतं.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये यामाकी पाइन म्हणून ओळखलं जाणारं एक पांढऱ्या जपानी पाइनचं बोन्साय आहे. ते 1625 पासून असं वाढवलं जात आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशाला होतं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. हिरोशिमाची ही हकिकत तिथल्या लोकांना कळली ती मात्र 2001 मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला गेले तेव्हा. इतक्या वर्षांत त्या पाइनची मुळं किती हातांनी छाटली असतील, आणि प्रत्येक खेपेला पुढचे आठवडे कुणीतरी त्याच्यावर डोळा ठेवून राहिलं असेल. त्या अनाम माणसांना मी मनातल्या मनात नमस्कार करते.

नेहमीच्या ट्रेबदलीत जाणारी मुळं झाडाला फारशी जाणवत नाहीत. मी बोलते आहे ती मोठी छाटणी, आणि तिची वेळ बहुतेकदा झाड पहिल्यांदा आपल्या जागेवरून निघतं तेव्हा येते. आपल्याकडे बोन्सायजोगे सुंदर वड-पिंपळ रोपवाटिकेपेक्षा जुन्या भिंतींत सापडतात. पक्ष्याने फळ खाल्लं, बी विष्ठेबरोबर चुन्याच्या दर्जेत पडलं, तिथल्या चिमूटभर धुळीवर ते रुजलं. कुणी दर वर्षी कोयत्याने फांद्या उडवल्या, तरी ते तिथेच राहिलं, खोड मात्र जाड होत गेलं. मग वाडा पाडायला निघतो, एखाद्या पुलाची डागडुजी होते, आणि गवंडी तो वड उपटून राडारोड्यात टाकणार असतो. त्याच्याकडून तो मागून घ्यायचा. दगड एकेक करून हलवले तरी फटीत खोल गेलेलं मूळ हाती लागत नाहीच. जे लागतं ते चपटं, दगडाच्या आकाराने दबलेलं, आणि इतकं थोडं की वरच्या खोडाकडे पाहून मनात धस्स होतं. पुढे उथळ ट्रेत बसवायचं म्हणून त्यातलंही खाली जाणारं मूळ काढावं लागतं.

पण वडाची जात अशा आयुष्यासाठीच घडलेली आहे. रानात तो पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतो. जमीन खाली कितीतरी दूर असते, आणि कुजलेल्या पाचोळ्यावर नि पावसावर त्याचं बालपण जातं. मातीशिवाय तग धरायची विद्या त्याला उपजत येते. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने सडल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकावं लागलं. तो वड आज पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतोच आहे. एवढं सोसणारं झाड आहे म्हणून आपण निर्धास्त व्हावं, असं मात्र नाही. सोशीक झाडाचे हाल उशिरा दिसतात, आणि दिसतात तेव्हा फार पुढे गेलेले असतात.

कापल्यानंतर आत काय होतं हे मी वाचून शिकले आणि झाडाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. फांद्यांच्या शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. मुळांच्या टोकांत सायटोकायनिन तयार होतं. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि फांद्यांवरच्या निजलेल्या डोळ्यांना जागं करतं. शेंडा मुळाला हाक देत असतो आणि मूळ शेंड्याला, अखंड, झाडाच्या सगळ्या आयुष्यभर. मुळं कापली की वर जाणारी हाक एकदम क्षीण होते आणि फांद्यांची वाढ थबकते. वरून ऑक्सिन मात्र येतच राहतं. ते कापापाशी पोचतं आणि पुढे वाट नसल्याने तिथे साचू लागतं. त्या साचण्याने कापालगतच्या पेशी नव्याने विभागू लागतात. आधी एक फिकट, गाठाळ कड धरते, आणि तिच्यातून किंवा तिच्या थोडं मागून मुळाचे पांढरे बिंदू बाहेर पडतात. जी पेशी आजवर साल जाड करत होती तीच आता मूळ होते. झाडात हे सामर्थ्य कुठल्याही काळोख्या कोपऱ्यात असं सज्ज असतं, हे आठवलं की कुंडीतल्या एवढ्याशा वडापुढेही मान लवते.

या सगळ्याला लागणारं अन्न झाडाने आधीच साठवलेलं असतं, खोडात, फांद्यांत, उरलेल्या जाड मुळांत, पिष्टाच्या रूपाने. म्हणून छाटणीच्या आधीचं वर्ष नंतरच्या महिन्यांइतकंच मोलाचं. भरपूर ऊन खाल्लेलं, खत मिळालेलं, फांद्या मोकळ्या वाढू दिलेलं झाड कापायला घ्यावं. किडीने पोखरलेलं किंवा सावलीत खंगलेलं झाड कापणं हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. त्याच्याकडे खर्चायला काही नसतं.

पानांच्या बाबतीत जाणत्यांतही एकमत नाही. जुना रिवाज असा की खालून जेवढं काढलं तेवढं वरूनही काढावं: पाणी आणणारे कमी झाले तर पाणी उडवणारेही कमी करावेत. वडाचं पान तळहाताएवढं, त्याच्या पाठीवर असंख्य रंध्रं; मूळ जे आणू शकत नाही ते पान हवेला देत राहिलं तर झाड वाळणार हे सरळ आहे. पण साखर पानंच करतात, आणि ऑक्सिन कोवळे शेंडेच धाडतात. सगळी पानं नि सगळे शेंडे एकाच दिवशी उतरवले तर मुळाला हाक द्यायला वर कुणी उरत नाही. मी मधली वाट धरते. मोठी, जुनी पानं देठ ठेवून कापते. शेंड्यावरची टोकदार कळी आणि तिच्याजवळचं एखाद-दुसरं पान याला हात लावत नाही. वडाला, नांद्रुकाला हे मानवतं. पाइन आणि जुनिपर यांच्याशी असं वागू नये. त्यांची हिरवी पालवी उतरवली तर उघड्या जुन्या लाकडावर नवा डोळा येणं फार कठीण. पाइनच्या मुळांवर वाढणारी पांढरी बुरशी तर त्याची सोबतीण असते. ती धुऊन टाकली की झाड पोरकं होतं. पाइनची जुनी माती अर्धीच काढावी आणि उरलेली पुढच्या खेपेला.

आता माती. इथे मला जरा थांबायचं आहे. मुळं छाटलेली झाडं तहानेने मरतात असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या पाहण्यात त्याहून जास्त झाडं पाण्यात बुडून गेली आहेत. कापलेलं मूळ पाणी ओढत नाही, त्यामुळे घातलेलं पाणी ट्रेमध्ये तसंच राहतं. त्यात उथळ ट्रेचा एक स्वभाव आहे. पाणी निथळून गेलं असं वाटलं तरी तळाशी एक थर गच्च भिजलेला राहतो, आणि त्याची उंची भांडं किती खोल आहे यावर ठरत नाही, मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते. कण जितके बारीक तितका तो थर उंच. खोल कुंडीत तो मुळांच्या खाली पडून राहतो; चार बोटं खोल ट्रेमध्ये मुळं त्यातच उभी असतात. मुळालाही श्वास घ्यावा लागतो. नवं मूळ फोडणं हे कष्टाचं काम, त्या वेळी प्राणवायू अधिकच हवा, आणि गच्च भरलेल्या मातीत नेमका तोच नसतो. मग कापाची कड तपकिरी पडते, मऊ होते, मातीला आंबूस वास येतो.

आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण ट्रेमध्ये ती चालत नाही. भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि भेगाळताना कोवळी मुळं तोडते. जपानी लोक कांतो भागातली अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. ती इथे आणवायला महाग पडते, आणि तिच्यावाचून अडतही नाही. पक्क्या भाजलेल्या विटा फोडून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करावेत, त्यात जाड वाळू घालावी आणि जुनं, मुरलेलं पालापाचोळ्याचं खत थोडंसं. सगळं चाळून घ्यावं. विटेची पिठी राहू देऊ नये, तीच तळाला बसून भोकं बुजवते. मोठ्या छाटणीनंतरच्या पहिल्या मिश्रणात मी पाचोळ्याचं खतही नावालाच घालते, आणि शेणखत मुळीच नाही. अर्धवट कुजलेलं शेणखत उघड्या जखमेशी नको.

झाड हलू न देणं हे मातीइतकंच महत्त्वाचं. ट्रेच्या भोकांवर जाळी बसवायची, त्यांतून तार वर घ्यायची, मुळांच्या गड्ड्यावरून आणून पक्कडीने पिळायची. साल दुखू नये म्हणून तारेखाली रबराचा तुकडा. मग बांबूच्या काडीने मातीचे दाणे मुळांच्या सांदीसांदीत सरकवत जायचं, कुठे पोकळी राहू द्यायची नाही. नव्या मुळाचं टोक फार नाजूक असतं. वाऱ्याने खोड बोटभर डुललं तरी खाली ते टोक दाण्यांवर घासून तुटतं आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. छाटणी उत्तम, माती उत्तम, आणि बांधायचं तेवढं राहिलं म्हणून गेलेली झाडं थोडी नाहीत.

एवढं झालं की झाडाला बाळंतिणीसारखं जपायचं. आपल्या घरांत बाळंतिणीची खोली असायची: आतल्या बाजूची, वारं न लागणारी, उबदार, तिला उठबस नाही, जड खाणं नाही, आल्यागेल्याची वर्दळ नाही. ट्रेला तशी जागा शोधायची. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको, कारण उन्हात ट्रे हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ती धग थेट कापांना लागते. पण घराच्या आतही नको. खोलीत आपल्याला लख्ख वाटणारा उजेड झाडाला फार अपुरा असतो. हिरव्या शेडनेटखाली किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत, वारं अडेल अशा कोपऱ्यात ट्रे ठेवावा. पहिल्या दिवशी तळाच्या भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत भरपूर पाणी. त्यानंतर रोज बोट लावून पाहायचं आणि वरचा थर कोरडा लागेल तेव्हाच द्यायचं. पानांवर मात्र दिवसातून काही वेळा अगदी बारीक फवारा. हवा दमट राहिली की पान कमी पाणी उडवतं आणि मुळावरचा भार हलका होतो.

देशावर जून कोरडा गेला तर मी काड्यांच्या आधाराने पारदर्शक प्लास्टिकची पिशवी झाडावर उभी करते. तीही सावलीतच, उन्हात ठेवली तर आतलं झाड शिजेल. रोज थोडा वेळ उघडायची, नाहीतर बुरशी धरते. पुढे पानं टणक झाली की पिशवीला आधी एक भोक, काही दिवसांनी आणखी काही, आणि मग कधीतरी ती पूर्ण काढायची. एकदम काढली तर पानं एका दुपारीत माना टाकतात. कोकणात नेमकी उलट काळजी. तिथे संततधार लागली की ट्रे पागोळीखालून हलवावा, किंवा एका बाजूखाली वीट सरकवून तिरका ठेवावा; तळातलं साचलेलं पाणी खालच्या कोपऱ्याने निघून जातं. खत कुठेच नाही, दीड-दोन महिने तरी नाही. खताचे क्षार मातीतल्या पाण्यात उतरले की ते पाणी मुळात शिरण्याऐवजी मुळातलंच बाहेर ओढलं जातं.

यानंतरचा काळ सर्वांत अवघड. तो आनंद घेऊन येतो म्हणून जास्त अवघड. काही आठवड्यांत खोडावर, जिथे साल अगदी गुळगुळीत होती तिथे, डोळे फुटतात. शेंड्यावरची कळी आवरण टाकते आणि तांबूस, मऊ, बारीक लव असलेली पानं उलगडतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं, झाड लागलं. पण या पहिल्या पालवीवर विसंबू नये. ती खोडातल्याच साठ्यावर, खोडातच उरलेल्या पाण्यावर फुटलेली असू शकते. कुंपणाला रोवलेल्या पांगाऱ्याच्या खुंटाला पावसात हिरवे कोंब येतात तेव्हा मातीत त्याला अजून मूळ फुटलेलंही नसतं. अशा वेळी कुणी हौसेने ट्रे उन्हात काढला, खत घातलं, फांद्यांना तार गुंडाळायला घेतली, तर साठा सरतो, कोवळी पानं लोंबतात, आणि ते झाड पुन्हा उठत नाही.

त्या दिवसांत हात शिवशिवतात. साल नखाने खरवडून खाली हिरवं आहे का पाहावंसं वाटतं, ट्रे हलवून झाड घट्ट बसलं का ते चाचपावंसं वाटतं. खरवडून एकदा पाहिलं तर बिघडत नाही. हलवणं मात्र कधीच नको. पाहण्यासाठी उचललेल्या झाडाची नवी मुळं त्या उचलण्यातच जातात. मी सकाळी फवारा मारून झाला की झाडाजवळ थोडा वेळ उभी राहते. करण्यासारखं काही उरलेलं नसतं. विटांच्या त्या तांबड्या तुकड्यांखाली काय चाललं आहे ते मला दिसत नाही, आणि मी ते एका क्षणानेही पुढे आणू शकत नाही. ज्याने मूळ कापलं त्याने निदान एवढं तरी करावं, त्याच्याजवळ यावं.

मुळाकडे आपण पूर्वीपासून आदराने पाहत आलो आहोत. आळंदीला समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याचं मूळ ज्ञानदेवांच्या कंठाला लागलं, त्यांनी एकनाथांना स्वप्नात ते सांगितलं, आणि नाथांनी आळंदीला येऊन मूळ दूर केलं, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ही कथा त्या कामाशी जोडून सांगतात. मूळ बाजूला केल्यावर नाथांनी त्या झाडाकडे कसं पाहिलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. अजानवृक्षाच्या छायेत आजही वारकरी पारायणाला बसतात. त्या वृक्षाचं जवळचं भावंड असलेलं, बारीक गडद पानांचं आणि चिमुकल्या पांढऱ्या फुलांचं फुकियन टी हे झाड जगभर बोन्साय म्हणून वाढवतात. त्याची मुळं विंचरताना मला आळंदी आठवते आणि कात्री आपसूक सावकाश चालते.

झाड सावरल्याची खरी खूण एकच अशी नसते. दुपारच्या उकाड्यातही पान ताठ राहतं. पहिल्या पानांवर शेंडा थांबत नाही, दुसरी फूट येते आणि तिची पानं अधिक गडद, अधिक जाड असतात. पण माझा सर्वांत जास्त भरवसा आहे तो ट्रे लवकर सुकण्यावर. इतके दिवस ओलाच राहणारा ट्रे एका सकाळी उचलून न पाहताही नुसत्या रंगानेच कोरडा दिसतो. कालचं पाणी कुठे गेलं? खाली कुणीतरी ते प्यायलं. पुढे भोकाच्या जाळीतून पांढरं टोक डोकावतं. भर पावसाळ्यात वड आणखी एक देणगी देतो: फांदीच्या खालच्या अंगाला बारीकशी पारंबी सुटते, टोकाला पिवळसर, ओलसर.

मग श्रावण उतरणीला लागला की उन्हाकडे थोडं थोडं सरकवायचं आणि भाद्रपदात अगदी पातळ खत. फांद्यांना त्या वर्षी कात्री नाही, तार नाही. त्या बेढब, लांबोळ्या वाढू द्याव्यात. प्रत्येक जास्तीचं पान खालच्या मुळासाठी कमावत असतं. आकाराची ओढ असलेल्या माणसाला हे जड जातं. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय मांडलेली असतात, आणि लोक खोडाचा घेर नि फांद्यांचे थर पाहून थक्क होतात. मी ट्रेच्या काठाशी वाकून मातीवर उमटलेली मुळं बघते. जपानी लोक त्यांना नेबारी म्हणतात. खोडापासून चहूबाजूंनी सारख्या पसरलेल्या त्या मुळांत, एखाद्या ठिकाणी एकाची दोन आणि दोनाची चार झालेली दिसतात. तिथे कधीतरी काप होता. त्या कापानंतरचा पावसाळा कुणी कसा काढला असेल ते मला तिथे वाचता येतं.

कापून निघालेली जाड मुळं मी फेकत नाही. अंगठ्याएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा तुकडा घ्यायचा, झाडाकडचं टोक वरच राहील याची खूण करून ठेवायची, आणि जाड वाळूत उभा लावायचा, वरचं टोक जेमतेम बोटभर उघडं. जागा तीच, छाटलेल्या झाडाच्या शेजारची सावली. उलटा लागला तर कुजतो. नीट लागलेल्यांतलेही काही कुजतात. काहींना मात्र वरच्या कापाच्या कडेने हिरवे डोळे येतात, आणि जे आजवर मूळ होतं त्याचं खोड होतं. नांद्रुक मी कुंडीसाठी ठेवते. वड घराजवळ लावता येत नाही, भिंतींना आणि नळांना त्याची मुळं जड जातात, म्हणून तो गावी पाठवते, तळ्याच्या बांधावर नाहीतर गायरानात लावायला. खड्डा मोठा घ्यायला सांगते, गुरांपासून राखायला भोवती काटेरी कुंपण करायला सांगते, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालतील असं घर जवळपास आहे ना, हे रोप पाठवण्याआधीच विचारून घेते.